वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट
वीस तेत्रीचं नाणं गिळल्याशिवाय वर सरकत नाही.
मी आठ मजले चढते.
शेजाऱ्यांना वाटतं, नुत्सा चिक्कू आहे.
वाटू दे.
लिफ्टमध्ये माणसं असतात
आणि माणसं विचारतात, काय गं, परीक्षा कधी?

उत्तर मला येतं. चौदा तारखेला.
एकदा ते तिसऱ्या मजल्यावर घशात होतं,
सहाव्यावर जिभेखाली,
घरात शिरल्यावर मी ते आरशाला सांगितलं.
आई मात्र रोज नाणं देते.
दोन वर्षांची नाणी कोटाच्या अस्तरात
खाली, शिवणीपाशी, गोळा झालीत.

शनिवारी त्सोत्नेचा वाढदिवस. नववा मजला.
आमच्याकडे नुसतं पिता येत नाही,
आधी बोलावं लागतं.
वाझा तमादा, मेजवानीचा म्होरक्या:
गेलेल्यांसाठी, आयांसाठी,
आम्हाला नापास करणाऱ्या मास्तरांसाठी,
प्रत्येक वेळी ग्लास उंच,
मग पाळी एकेकाची.
अक्रोड भरलेल्या वांग्यांवरून
पाळी माझ्याकडे येत होती.
सात जण. पाच. लाशाने फार आटोपतं घेतलं.

मी उभी राहिले.
"मी," म्हणाले.
मग फ्रिजचा आवाज.
"नुत्सा शांततेसाठी पितेय!" वाझा ओरडला,
सगळे हसले, प्यायले,
आणि वाचवलं गेल्याचा मला संताप आला.

जिन्याने खाली.
सहाव्या मजल्यावर वाझा बसलेला,
माझ्याआधी कधी निसटला कुणास ठाऊक,
सदरा पाठीला चिकटलेला, मुठीत कागद.
बारीक अक्षरात सगळे टोस्ट.
मध्येमध्ये लाल शाईने: इथे थांब.
इथे हस.
"तीन रात्री पाठ करतोय," म्हणाला.
"आता पुढचं आठवत नाही."

आधी मला आनंद झाला.
खरंच झाला, लपवत नाही;
दुसऱ्याचं भांडं फुटल्यावर होतो तसला, कोता.
तो ओसरेपर्यंत मी कठड्याचा गंज खरवडला.
मग एक पायरी सोडून बसले.
धीर दे, असं आतून कुणी म्हणत होतं.
मला धीर देता येत नाही.
मी त्याचा कागद मांडीवर घेऊन
नीट, घडीवर घडी न पडू देता, सपाट केला.

"वर सगळे ताटकळलेत. पाय उचलत नाहीत माझे."
मी अस्तर फाडलं.

आमच्या पाठोपाठ लिफ्टमध्ये एक म्हातारी शिरली,
हातात गरम खाचापुरीची थाळी.
"काय पोरांनो, परीक्षा कधी?"

वाझाने बटणांकडे पाहिलं. मी थाळीकडे.
"चौदाला!" दोघं एकदम, इतक्या मोठ्याने,
की थाळी हलली.