रकाना नऊ

पत्र आलं मार्चच्या सव्वीस तारखेला,
कार्यालयाच्या पत्र्याला हात लावता येत नाही त्या दिवसांत.
अग्निशमन कर्मचाऱ्यांची सुरक्षा व व्यवसायजन्य आजार प्रतिबंध,
अनुदान. प्रस्ताव तीन प्रतींत. मुदत एकतीस.
मुख्याधिकारी म्हणाले, दुपारे मॅडम,
तुमचं अक्षर चांगलं आहे.

भरत गेले. गाडी एक, धक्का मारल्यावर.
माणसं मंजूर नऊ, हजर चार.
श्वसनयंत्र शून्य.
रकाना नऊ: व्यवसायजन्य आजार असलेल्या
कर्मचाऱ्यांची संख्या.

मागच्या वर्षीची प्रत काढली. निरंक.
त्याच्या मागची. निरंक.
तपासणी नाही म्हणून आजार नाही,
आजार नाही म्हणून अनुदान नाही,
अनुदान नाही म्हणून तपासणी.
खाली दर वर्षी तोच गोल शिक्का,
जांभळा, पुसट.

खिडकीतून नगराळे दिसत होते,
गाडीच्या पायरीवर बसून खोकताना.
खोकून झालं की ते रुमालात बघत नाहीत,
घडी घालतात.

वणी रोडवरची जिनिंग पेटली तेव्हा तुम्ही होतात का?
ज्वाळा तासाभरात बसतात. लोक घरी जातात,
मोबाइल खिशात ठेवून.
पण गठाण आतून धुमसत राहते,
तीन दिवस, कधी पाच.
वरून पांढरी, ओली, थंडगार.
पट्टी कापली की आत लाल डोळा.
एकेक गठाण फोडावी लागते.
तोंडाला ओला दुपट्टा, तेवढंच यंत्र.
"सरकीचा धूर गोड लागते, मॅडम," नगराळे एकदा म्हणाले,
"मंग दोन दिवस भाकर कडू लागते."

त्यांना आत बोलावलं, काय काय हवं विचारलं.
हेल्मेट म्हणाले, बूट म्हणाले,
तोंडाचं ते नळीवालं म्हणाले.
मग टोपी हातात फिरवत,
"एक धुण्याची मशीन लिहा ना."
मी हसले.
त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.
"डरेस आमची बाई घरीच धुते," ते म्हणाले,
"नातीच्या झबल्यासंगं, एकाच टोपल्यात.
पानी असं निघते, डांबरावानी."

लिहिलं: कपडे धुण्याचे यंत्र, नग एक.
लेखापालांनी लाल पेनानं गोल केला: चैनीची वस्तू?
मी खाली लिहिलं: नाही.

मग रकाना नऊ. पेन बराच वेळ तिथेच.
डॉक्टरचा कागद नव्हता.
नियम मला पाठ आहेत, एकवीस वर्षं.
मी लिहिलं: चार.
हजर होते तेवढे सगळे.
शेरा: आवाज कार्यालयात ऐकू येतो.

प्रस्ताव त्रुटीत आला, गेला, पुन्हा आला.
एक पावसाळा, एक कापूस, परत एक पावसाळा.
सहा श्वसनयंत्रांची दोन झाली.
नागपूरहून तपासणीची गाडी आली, नळीत फुंका म्हणाली.
मुनाफभाईंचा काटा अर्ध्यावर थांबला.
ते काट्याकडे बघत राहिले,
आम्ही त्यांच्या चपलांकडे.
नगराळे तोवर निवृत्त. यादीत नाव नाही,
म्हणून फुंकलं नाही.

मशीन मात्र आली.
पाइप वाळवायच्या खांबाशेजारी ठेवली,
हार घातला, नारळ फोडला.
लीलाबाई बघायला आल्या, नात कडेवर.
झाकण उघडून आत हात घातला,
ड्रम एकदा फिरवून पाहिला.
"पानी किती लागते हिले?"
मग आवाज उतरवून,
"त्यायचे दोन डरेस घरी पडून हायेत.
बांधून आनू का?
घालत तं आता कोनी नाई,
पन वास जात नाई."

नियमात बसत नव्हतं.
आणा, म्हटलं.