मोटर जळाली त्या शनिवारी

शुक्रवारी सांजेला डंकाची मोटर जळाली.
ऐन मार्चात. दारात ब्याडगीची सात पोती,
वर टाचलेल्या चिठ्ठ्या: काटकर, सव्वाचार किलो, धणे वेगळे.
शिरोलीचा वाइंडिंगवाला म्हणाला, सोमवारी.
देव जरी सांगायला आला तरी सोमवारीच.

हे कट्ट्यावर बसून राहिले, हात मांडीवर पालथे.
मग म्हणाले, पन्हाळ्याला जाऊया का?
जसा काही तो आत्ताच कुणी बांधलाय.

वीस किलोमीटर. लग्नाला तीस वर्षं.
पाहुण्यांना आम्ही वाट सांगायचो:
शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, मग घाट.
वाट तोंडपाठ. शाळेची सहल सोडली
तर पाय कधी पडला नाही.

एसटीत नऊ माणसं. घाटात समोरची बाई शिंकली,
मग तिचं पोर, मग कंडक्टर.
आम्ही दोघांनी खिडकी पुरी उघडली
आणि बाहेर बघत राहिलो.
धुतलेल्या लुगड्यातनंसुद्धा जात नाही ती.

वर सगळं उन्हाला पडलेलं. दहावीचे पेपर चाललेत,
कोण येतंय.
लॉजच्या गॅलरीत इलाही नावाचा पोरगा
कठड्यावर मांडलेल्या उशा उलट्या करत होता.
कुठली पाहिजे ती खोली घ्या, म्हणाला.
आम्हाला निवडायची सवय नाही.
सहा उघडून बघितल्या, सहाही सारख्या,
शेवटी पहिलीच घेतली.

झुणका-भाकरीच्या छपरांत एकच चूल पेटलेली.
ह्यांनी चटणी बोटावर घेतली, जिभेला लावली,
डोळे मिटले.
"संकेश्वरी. गेल्या सालची. देठं नीट मोडली नाहीत."
बाई भाकरी थापायची थांबली.
"सरकारी माणूस हाईसा काय?"

रात्री कठड्याशी उभे राहिलो.
खाली कोल्हापूर, सांडलेल्या मोहरीसारखं.
ती उभी रेघ स्टेशन रोड, हे म्हणाले.
मी म्हटलं, ती बायपासची.
त्यावरनं थोडं भांडलो, घरच्यासारखं.
मग त्यांनी बोट लांब केलं: आपलं घर तिथं.
तिथं तर अंधार आहे.
"मग तेच. मेन स्विच मी बंद करून आलोय."

आणि त्यांना शिंक आली.
तीस वर्षं मिरचीच्या धुरळ्यात उभा माणूस,
नाकाला कधी रुमाल लावला नाही,
त्याला त्या कोऱ्या वाऱ्यानं
एकापाठोपाठ अकरा शिंका.
मी मोजल्या. हसत मोजल्या,
मग पाठ चोळायला हात गेला तो तिथंच राहिला.

सकाळी घोडेवाला सर्जेराव मागंच लागला.
घोडीचं नाव पिंकी, कपाळावर जांभळा गोंडा.
"गिऱ्हाईक नसलं तरी फिरवायलाच लागतंय हिला,
न्हाईतर पाय धरत्यात. बसा वयनी,
पैशाचं बघू."
मी नको नको म्हणत स्टुलावर चढले,
एक पाय इकडं, लुगडं गुडघ्याशी आवळून.

वरनं सगळंच जरा वेगळं दिसतं.
ह्यांचं टक्कल दिसलं. केवढं झालंय.

पिंकी आपली चालली, कुणी न सांगता.
तटाजवळ एका जागी थांबली,
अंग आडवं केलं, मान वळवली.
"फोटोची जागा," सर्जेराव म्हणाला.
"हितं ती थांबतीच."
फोन लॉजवर चार्जिंगला होता.
फोटो काढायला कुणी नव्हतं,
खाली वाळलेलं गवत आणि एक फाटका पतंग.

फोटोला लागतो तेवढा वेळ ती थांबली.
मीही पदर नीट केला,
पाठ ताठ केली,
समोर बघितलं.

मग ती स्वतःच पुढं निघाली.