नीळ

प्शेमिश्लमध्ये तेव्हा निळा रंग मिळत नव्हता.
कोळसा मिळायचा, रांग लावली तर. बीट मिळायचं, न मागता.
म्हणून वाव्झिन्येत्स ओल्षा माझ्या लाँड्रीतून
नीळ चोरायचा,
कोटाच्या अस्तरात पुडी दडवून,
आणि मला वाटायचं, उंदीर.

उंदीर नीळ खातात का गं, बोगुमिला?
हे तोच विचारायचा.
बोटं निळी.

वर माझी भट्टी, खाली तळघरात त्याची नाटकं.
प्रेक्षक अकरा. नट चार,
त्यातला एक शवपेट्या करणारा सुतार,
त्याला एकच वाक्य होतं आणि तेही तो विसरायचा.
वाव्झिन्येत्स म्हणायचा, विसरणं हेच वाक्य.
मला नाही कळायचं.
मी इस्त्री फिरवत असायचे
आणि पायांखालून हसू यायचं,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग कुणीतरी रिकामी बादली फरफटत न्यायचं
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तासभर.
हा पहिला अंक.

पडदा म्हणजे इस्पितळाच्या दोन चादरी, जोडून शिवलेल्या.
त्यावर सान नदी
(नावाचीच सान, पूर आला की पुलालाही जुमानत नाही)
आणि नदीत डोकं खाली, पाय वर, अख्खं गाव:
पोस्टमास्तर, बिशप, पार्टीचा सेक्रेटरी, मी.
मला आठ हात. चेहरा नाही.
भांडले.
म्हणाला, चेहरा तुला लागला कधी, सांग?
त्या रात्री त्याला सूप दिलं नाही.

मार्च महिन्यात ते आले, तिघं, बुटांना चिखल.
अकरा जणांतलाच कुणीतरी बोलला असणार.
ते जिन्यापर्यंत पोचायच्या आत
मी पडदा उकळत्या हंड्यात कोंबला.
सोडा, साबण, वरून काठी.
पोस्टमास्तर गेला, बिशप गेला, सेक्रेटरीसुद्धा.
नदी पाण्यात गेली.
टायफॉइडच्या चादरी आहेत साहेब, जवळ नका येऊ.

ते गेल्यावर तो हंड्याशी उभा राहिला, वाफेत.
चार वर्षांचं काम.
मला वाटलं, हात उगारेल.
म्हणाला, तिसरा अंक सापडत नव्हता गं, बोगुमिला.

आता वॉर्सातून मुली येतात, पांढरे हातमोजे घालून,
उरलीसुरली चित्रं भिंगाखाली धरतात.
हा निळा कुठला, आजी? जर्मन?
मी म्हणते, उंदरांना विचारा.

ती चादर मी अजून अंथरते.
उशाकडच्या कोपऱ्यात
अंगठ्याएवढं काहीतरी निळसर राहिलंय, कितीही धुवा.
माझा एखादा हात असेल.
नाहीतर डाग.