मधलं नाव

अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात
नानांचं बाइंडिंगचं दुकान.
तो आला तेव्हा मी खळ ढवळत होते,
मोरचुदाने बोटं निळी.
एकोणचाळीसचा मार्च असेल, किंवा एप्रिल;
परीक्षा संपल्या नव्हत्या एवढं नक्की.
असल्या उन्हात लोकरी कोट घातलेला माणूस
मी पहिल्यांदाच पाहिला.

बोलला काही नाही.
टेबलावरची अर्धी शिवलेली वही उचलली,
कड अंगठ्याने चाचपली,
नानांचा दोरा उसवला
आणि पुन्हा शिवून दिली.
नानांनी समोरून चहा मागवला.
नोकरीचं बोलणं तेवढंच.

हुगो फर्बर. गाव व्हिएन्ना.
मोडक्या इंग्रजीत हळूहळू उलगडत गेला.
आडनाव एका कारकुनाने दिलेलं,
बादशहाचा हुकूम होता, ज्यूंनी जर्मन आडनावं घ्यावीत.
त्याच्याही आधी वेशीवर जकात भरायची
स्वतःच्याच अंगाची.
पुढे बैल, मागे बैल, मध्ये आपण.
मग आजोबांच्या काळात कायदा आला, सगळे सारखे.
आजोबा त्या दिवशी बाजारात गेले
आणि चांदीच्या मुठीची छत्री घेऊन आले.
पाऊस नव्हता.
वडील बादशहासाठी लढले,
एक पदक, एक लंगडा पाय.

"आणि मी," तो म्हणाला, "रस्ता घासला.
गुडघ्यांवर, दातांच्या ब्रशने.
बघणाऱ्यांत माझं गिऱ्हाईक होतं.
त्याच्या घरातली बायबलं मीच बांधलेली."

नाना बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.
मग म्हणाले, आमचे आजे पेझारीला तेल गाळायचे.
शनिवारी घाणा बंद,
म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार-तेली.
"एवढंच?"
"एवढंच. म्हणजे काही घरी पाणी
वरून ओंजळीत घालायचे.
पण घाणा कुणी जाळला नाही."
आणि थोडं ताठ बसून, पाहुण्याला सांगावं तसं,
"आम्ही बेने इस्रायल."

त्याचा हात थांबला.
कोटाच्या आतून पासपोर्ट काढला,
पानावर लाल अक्षर,
खाली नाव: हुगो इस्रायल फर्बर.
"हे मधलं सरकारने घातलं, यंदाच्या जानेवारीपासून.
सगळ्या पुरुषांना हेच.
बायकांना सारा."

माझं नाव सारा.
मी खळीत बघत राहिले. गुठळ्या धरल्या होत्या.

पोलीस कचेरीत परदेशी लोकांची नोंद असे.
नाना सोबत गेले, दुभाषे म्हणून.
खिडकीत फाटक नावाचे कारकून, कानावर टाक.
"नाव, वडिलांचं नाव, आडनाव.
इस्रायल हे वडिलांचं?"
नानांनी विचारलं. तो म्हणाला, नाही, वडील मोरित्झ.
"मग मध्ये हे कशाला?"
फाटकांनी रेघ मारली, वर लिहिलं,
आणि रजिस्टर सहीसाठी फिरवलं.
हुगो मोरित्झ फर्बर.
तो सही करेना. नुसता वाचत उभा.
मागच्या माणसाने खाकरून दाखवलं,
फाटक म्हणाले, काय चुकलं का?

सप्टेंबरात त्याच पानाच्या शेऱ्याच्या रकान्यात
दुसऱ्याच अक्षरात आलं: जर्मन. शत्रू.
तू जर्मन नाहीस म्हणून ज्यांनी हाकललं
त्यांचाच धरून
त्याला ट्रकमध्ये बसवलं.
आधी कुठे नेलं कळलं नाही; नंतर पुरंदर.
नाना दोनदा सासवडपर्यंत गेले,
चिक्कीचा डबा पुढे पोचला का, माहीत नाही.
युद्धानंतर कुठूनतरी एक पोस्टकार्ड आलं,
पत्ता पावसात भिजलेला.

बावन्न साली कचेरीची जुनी रजिस्टरं
दुकानात आली, पाठ मोडलेली, वाळवी लागलेली.
नाना तेव्हा नव्हते. काम मी घेतलं.
ते पान सापडेपर्यंत दिवे लागले.
फाटकांची रेघ सरळ होती,
पट्टी न लावता मारलेली.
खाली वाळवीने "शत्रू"तला श खाल्ला होता,
"मोरित्झ"चा मो पण.

मी टाका जरा सैल घातला,
पान सपाट उघडावं म्हणून.
बिल नेहमीएवढंच लावलं.