पाचवा पट

पहिला पट कूलरच्या खोक्याचा होता.
मे महिन्यात गोळीबार चौकाच्या कडेला
अशी खोकी ढिगानं मिळतात, फुकट,
एका बाजूला छत्रीचं चित्र छापलेली.
मी छत्री राहू दिली, तिच्यावरूनच नदी काढली:
लाव्याच्या टेकडीपासून कन्हानपर्यंत
नाग नदीची एकसष्ट घरं.
आमच्याकडे तिला नालाच म्हणतात,
पूर येतो त्या दिवसापुरती ती नदी.

रेषा बिब्ब्याच्या.
परीट पूर्वी कपड्यांवर खुणा करायचे ती शाई,
कोणत्याच पाण्यानं जात नाही.
अंगठ्याला फोड आला, आठ दिवस टिकला.
मुलगी म्हणाली, आई, मार्कर वीस रुपयांना मिळतो.
मिळतो, हे मलाही माहीत आहे.

फासे चिंचोक्यांचे, दगडावर घासून अर्धे केलेले.
चारही पांढरे पडले तर पाऊस,
चारही काळे पडले तर महापालिका.

दुसऱ्या पटावर सगळ्यांनी एकच विचारलं,
नागपुरात खेळ करतेस आणि वाघ नाही?
तिसऱ्यात वाघ घातला.
वाघानं खेळ खाल्ला.
जो तो त्याच्या घराकडे धावे, फोटो काढल्यासारखा थांबे,
नदीत कोणी उतरेना.
वाघ काढला. त्याची सोंगटी अजून डब्यात आहे,
करंजाची बी, हळदीनं रंगवलेली. उडालाय रंग.

चौथा पट मात्र मनासारखा झाला.
निमज्यांच्या मागावरचे उरलेले तुकडे जोडले,
त्यांना तांदळाची खळ दिली,
बाबा पाजणीला करायचे तशी,
बोटाला ओढ लागेल इतपत घट्ट.
चौकट देवाजी बुरडांनी बांबूची विणून दिली.
"मोडली त काय करसान?"
चुलीत घालीन.
"मंग ठीक हाय," म्हणाले, आणि पैसे कमी घेतले.

खेळायला गल्लीतली पोरं बोलावली.
पाणी कन्हानला पोचलं तर सगळे जिंकले,
मध्येच आटलं तर सगळे हरले.
युगल हेडाऊ, वय नऊ, शेवटच्या घरात मासा ठेवून म्हणाला,
"पण मावशी, हरलं कोण?"
कोणीच नाही.
"कोणीच नाही? मंग कायले खेळलो?"
आणि बॅट घेऊन निघून गेला.

पट गुंडाळला, भिंतीला टेकवला.
पोळ्यानंतर उलगडला तेव्हा
एकोणिसाव्या घरापासून चव्वेचाळीसपर्यंत
मातीची एक वाकडी नळी चालत गेलेली.
खळ खाल्ली होती. कापड खाल्लं होतं.
बिब्बा तेवढा सोडलेला, कडू लागला असावा,
त्यामुळे नदीचे दोन्ही काठ जागेवर
आणि मधे पाणी नाही.

माहितीच्या कागदावर मीच लिहिलं होतं,
ठळक अक्षरात: *मातीत मिसळून जाणारा खेळ.*
मुलगी हसली. मी नाही हसले.
तीन दिवस त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी युगल चेंडू शोधायला आत आला.
पटाजवळ उकिडवा बसला,
मातीच्या नळीवरून बोट फिरवत विचारलं,
"ही चाल कोणाची होय?"
वाळवीची.
"चिंचोके टाकले होते तिनं?"
नाही.
"मंग काहून चालली?"
मला उत्तर आलं नाही.
तो भोकातून खालची फरशी बघत राहिला.
"इथून गेलं तर कन्हान लवकर येते," म्हणाला,
"पण पडाल तुम्ही."

पाचव्या पटाला तसंच कापड आहे, तशीच खळ.
मुलगी म्हणते, यात फिनाईल तरी मिसळ.
नाही मिसळलं.
नियमांच्या कागदावर शेवटची ओळ वाढवली आहे:
खेळ झाल्यावर पट धुऊ नये, कपाटात ठेवू नये.
पावसाळाभर भिंतीला टेकवून ठेवावा.
पुढची चाल तिची.

हरलं कोण, ते अजून लिहायचं राहिलंय.
युगल रोज विचारतो.