पडद्याची पाठ

आमच्या पार्लरात तीन मशिनं होती,
कन्नमवार नगरात, पिठाच्या गिरणीला लागून.
तिघांचीही पाठ दाराकडे,
म्हणजे खेळणाऱ्याला येणारा बाप आधी दिसावा.
दारातल्या स्टुलावर मी, मांडीवर टोकनांचा डबा.
मला चेहरे दिसायचे.
पडदा नाही.

नऊ वर्षं मी मारामारी पाहिली ती अशी:
कुणाच्या कपाळावर उजेड लाल होतो,
कुणाची जीभ दातांत राहते,
मागच्या रांगेतला पोरगा कधी चवड्यांवर चढतो.

बटणं मात्र ऐकू यायची, सगळी.
नवख्यांची फुटाण्यांसारखी, एकदम, कढईभर.
बघायला मजा येते. नळावरचं भांडण बघावं तशी,
दोनच मिनिटं.
मग ध्यानात येतं, दोघांनाही
आपण काय करतोय याचा पत्ता नाही,
आणि लोक वडापाव आणायला जातात.

इम्तियाज खोतला एक डाव सापडला होता.
कोपऱ्यात दबून बसायचं,
समोरचा उडाला की लाथ.
टक.
मग बराच वेळ काही नाही.
टक.
एका टोकनात तो तीन ते सात खेळायचा.
त्याच्या पाठीमागे एक जांभई उठली
आणि चेहऱ्या-चेहऱ्यावरून फिरत
शेवटी माझ्या तोंडात येऊन बसली.
त्या मंगळवारचा गल्ला: एकेचाळीस रुपये.
पपांनी वही मिटली. म्हणाले,
"अगं, त्याचं काही जातच नाही.
बघायचं काय मग?"

नंदू भोईर कबड्डीतला. मांड्या सोललेल्या,
पहिल्याच चढाईत हात लावून परत येणारा.
मशिनवर मात्र रोज हरायचा, नि हरला की हसायचा.
त्या दिवशी तो उडाला नाही.
हे मला पिंट्या सुर्व्याच्या भुवयांवरून कळलं.
चालत गेला म्हणे,
लाथ पोचते त्याच्या बोटभर अलीकडे,
आणि मागे आला.
पुन्हा गेला. पुन्हा मागे.
नुसती हूल.

बटणं बंद.
कालही इथे कुणी कुणाला मारत नव्हतं
आणि लोक उठून गेले होते.
आज तीच सामसूम, पण
गिरणीतला घाटगे पट्टा बंद करून आला,
पापण्यांवर पीठ,
आणि त्याच्या मागे दळणाचे डबे घेतलेल्या दोन बाया.
इम्तियाजची पट्टी केसभर जास्त.
घड्याळ संपलं तर तोच जिंकणार,
हे सगळ्यांना माहीत. भोईरलाही.
ओठ मोजत होते, आवाज न करता:
अकरा, दहा, नऊ.
इम्तियाजच्या गळ्यातलं हाडूक
वर गेलं, खाली आलंच नाही.

टक.

लवकर मारली. हवेत.
एवढं मीही ओळखलं, कारण
चौदा चेहऱ्यांनी एकदम श्वास आत ओढला
आणि नंतर भोईरची बटणं,
चारच,
सावकाश, कुणाला पत्ता सांगावा तशी.

बरणी फुटली. लिमलेटच्या गोळ्या दारापर्यंत.
मी वाकून वेचत होते
तेव्हा इम्तियाजने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं,
एवढी माणसं.
मग पुढ्यात हात आला, घामेजलेला,
त्यात एक रुपया.
"अजून एक दे."

परवा भाच्याने अंधेरीला नेलं, स्पर्धा बघायला.
भिंतीएवढा पडदा,
शेजारी दोन पोरं माइकवर सारखी ओरडतायत,
आम्ही कधी घाबरायचं तेही तीच सांगणार.
मला काही लागेना.
उठले, पडद्याखाली जाऊन उभी राहिले,
लोकांकडे तोंड करून.
वॉचमन आला.
"बाई, खेळ मागे आहे."

तिसऱ्या रांगेत एक मुलगी,
हातातलं सामोसं तोंडाशी नेऊन विसरलेली.

म्हटलं, थांबा हो जरा.