रिपीट नसलेली नक्षी

उत्तरेच्या भिंतीला, मोरीच्या अंगाला
दिवसभरात ऊन फक्त सव्वा हात सरकतं.
तिथं माझं रंगीत अळू.
दाट झाडीखालची जात ही,
आणि गाव आमचं असं की एप्रिलात
पत्र्यावर टाकलेल्या शेंगा आपोआप भाजतात.
म्हणून वर हिरवी जाळी, जाळीवर
रिजेक्ट चादरीचा तुकडा,
दुपारी दोनदा पाणी.

सदतीस वर्षं मी जॅकार्डची कार्डं पाडली.
भोक असेल तिथं धागा उचलायचा,
नसेल तिथं दबून राहायचा.
पुठ्ठ्यांच्या माळेतून मोर निघायचा
आणि मोरामागून तोच मोर.

गेल्या श्रावणात एका पानावर
शिरांच्या कडेनं पांढरं उमटलं, पिसासारखं.
गल्ली बघायला आली.
बोल्ली राजम्मा म्हणाली, नवी जात का ओ ही?
मी मान हलवली,
हो म्हणून धरली तर हो.
थंडीत कंद काढले. एकाच सुरीनं सगळे कापले,
राख लावली, कागदात गुंडाळले,
सात घरी दिले.
देताना जरा ऐटच होती माझी.

पुढच्या पावसात पानं आली
तेव्हा चष्मा पुसून बसलो,
सवयीनं रिपीट शोधत.
कुठलंही डिझाइन आठ इंचांवर, सोळावर,
कुठं तरी आपल्या पहिल्या भोकाशी परत येतं.
हे येईना.
एक कड मुरडलेली, एक पान अर्ध्यातच अडलेलं,
जणू ताणा कुणी मध्येच ढिला सोडला.

शेजारची तय्यबा कृषी महाविद्यालयात शिकते.
पान उजेडाला धरून म्हणाली,
तातय्या, मोझॅक आहे. विषाणू.
औषध?
नाही.
एवढं छोटं उत्तर मी याआधी एकदाच ऐकलं होतं,
कारखान्याच्या गेटवर, कुलपाकडे बघत.

मावा आणतो, ती सांगत राहिली,
रस लागला की सुरी आणते.
वडीच्या अळूलाही धरतो हा.
कंदासकट उपटा, खतात टाकू नका,
वाळवून जाळा.
सुरी साबणानं घासा, मग ब्लीचमध्ये बुडवा,
दर झाडामागं, तातय्या,
दर झाडामागं.

तेरा कुंड्या.
ओली पानं पेटेनात, नुसती धुमसली.
चार दिवस गच्चीवर वाळवली
तेव्हा कागदासारखी गेली.

मग दारोदार.
दिलेलं परत मागतोय म्हातारा,
असं भवानी पेठेत एकीनं ऐकू येईल असं म्हटलं.
पण दिलं.
एकीकडे कंद आधीच कुजलेला,
एकीनं बहिणीला अक्कलकोटला पाठवलेला.
तिथं फोन केला. बहीण म्हणाली, किती छान आलंय ओ.

राजम्मा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती,
कुंडी शेजारी, सावलीत.
मी सगळं सांगितलं, मावा, रस, सुरी.
ती दोरा गुंडाळत राहिली.
म्हणाली, दिवसाला हजार विड्या,
एकासारखी एक.
नाही झाली तर चेकर फेकतो.
या घरात दुसरी नसलेली अशी
एवढीच वस्तू आहे, अण्णा.

मी गप्प.
सदतीस वर्षं मीही फेकतच आलो होतो
न जुळलेलं कार्ड.

दुसऱ्या दिवशी तिला वेगळी सुरी दिली,
मुठीला लाल सूत बांधून.
ही फक्त याच कुंडीला.
कंद कुणाला द्यायचा नाही, मागितला तरी.
शेजारी अळू लावायचं नाही.
आठवड्याला निंबोळीचं पाणी, पानाच्या पाठीला.
ती म्हणाली, बरं.
तिचं बरं किती पक्कं, ते मला माहीत नाही.

आता येता-जाता तिच्या दाराशी थांबतो.
हात लावत नाही, घरी आलो की तरीही धुतो.
तय्यबा विचारते, सगळी काढली ना?
मी मान हलवतो.

भिंतीशी तेरा कुंड्या कोरड्या.
सव्वा हात ऊन येतं,
रिकाम्या मातीवरून सरकतं.
नव्या कंदांचा विषय अजून काढलेला नाही.